सोडाबुवांच्या ओट्याचा कोपरा

जावईबापू नेमकं काय काम करतात हे सोडाबुवांना कळायला लग्नानंतर सहा वर्षं लागली. आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून त्यांनी जावईबापूंना चैन पडू दिली नाही.

तोवर त्यांनी आपली एक सोयीची समजूत करून घेतली होती. कोणी विचारलं तर सांगायचे, "आमचे जावई कॉम्प्युटरमध्ये सिमेंट कालवतात." ऐकणारा हसायचा, बुवाही हसायचे, विषय संपायचा. पण त्या रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी जावयाला समोर बसवून घेतलं. म्हणाले, "आज समजावून सांगाच. मुलगी लोकांचे दात काढते, ते मला कळतं. तुम्ही काय काढता?"

जावईबापूंनी सांगितलं. कारखान्यांच्या धुराड्यांतून जो वायू निघतो तो हवेत न सोडता जमिनीत दोन-दोन किलोमीटर खाली, खडकाच्या पोटात भरून ठेवायचा. त्यासाठी विहीर पाडायची. विहीर म्हणजे पाणी शेंदायची नव्हे, हातभर रुंदीचं लांबच लांब भोक. भरून झालं की त्या भोकात सिमेंट ओतून ते बंद करायचं. आता खाली खडकात खारं पाणी असतं. वायू त्यात विरघळला की पाणी आंबट होतं, आणि आंबट पाणी सिमेंटमधला चुना खात बसतं. खाताखाता वर खडूसारखी एक कडक साय धरते, तिच्यामुळे खाणं मंदावतं. पण पाणी ताजं येत राहिलं तर ती सायही विरघळते. असं किती वर्षांत किती खाल्लं जाईल, हजार वर्षांनी त्या सिमेंटचं काय उरेल, याचा हिशेब कॉम्प्युटरवर मांडायचा. हे त्यांचं काम.

बुवा डोळे मिटून ऐकत होते. झोप लागली की काय, अशी शंका यायला लागली तेवढ्यात डोळे उघडून म्हणाले, "म्हणजे सोड्याची बाटलीच की. आत गॅस, आत पाणी, वर बूच. आणि तुम्ही बुचाचं भविष्य सांगता."

आपल्या कामाचं इतकं नेटकं वर्णन जावईबापूंना स्वतःलाही आजवर जमलं नव्हतं. त्यांच्या ऑफिसात प्रकल्पप्रमुख बाई होत्या, त्यांना प्रत्येक गोष्ट एका ओळीत हवी असायची. बुवांची ही ओळ मिळाली असती तर त्यांनी भिंतीवर लावली असती.

"सोड्याचं पाणी सिमेंट खातं म्हणता," बुवा पुढे सरसावले. "मग माझा ओटा?"

"झालं, आलाच ओटा," खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून जावईबापूंची बायको म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती आणि वडिलांचं बोलणं कुठल्या वळणावर कुठे जातं हे तिला बालपणापासून पाठ होतं.

त्या ओट्याची हकिकत अशी. बुवांनी परसातल्या शेडमध्ये पस्तीस वर्षं सोडावॉटरचा कारखाना चालवला. कारखाना म्हणजे एक बाटल्या भरायचं मशीन, एक टाकी आणि हे नवराबायको. ते मशीन ज्या ओट्यावर उभं होतं तो ओटा बुवांनी लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातांनी ओतलेला. गवंडीकामाशी त्यांचा आयुष्यात आलेला संबंध तेवढाच. मशीन दिवसभर गळायचं, फसफसतं पाणी ओट्यावरून वाहायचं, आणि ओटा जसाच्या तसा. गेल्या वर्षी वयोमानानं मशीन बंद केलं, तरी ओट्याचा रुबाब कायम होता.

आणि बुवांचा दुसरा धंदा, खरं तर पहिला, म्हणजे प्रवचन. साधं बोलून नव्हे, गाऊन. प्रार्थनेच्या दिवशी सभागृहात उभे राहिले की हाताशी असेल त्या टेबलावर ताल धरायचे, चार वाक्यं बोलायचे, पाचवं गायचे. आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारा माणूस आपण पापी आहोत हे आठवून सावरून बसायचा. प्रवचन कुठूनही सुरू होवो, दया, क्षमा, शेजारधर्म, काहीही असो, शेवटाला गाडी ओट्यावर यायची. भक्तीचा पाया कसा असावा, तर माझ्या ओट्यासारखा. संसाराची फसफस वरून वाहून जाते, आतला कणही हलत नाही. मग टेबलावर थाप पडायची:

"बाहेर सारी फसफस, आत तू शांत रे,
पाया ज्याचा पक्का, त्याला कशाची भ्रांत रे."

अख्खं सभागृह ही ओळ उचलायचं. जावईबापूंना गाणं समजत नव्हतं, तरी ह्या जागी त्यांचंही बोट मांडीवर ताल धरायचं. देवाचं नाव खऱ्या गळ्यातून आलं की ते हिशेबी माणसालाही सोडत नाही.

तर बुवांनी "माझा ओटा?" असं विचारलं, आणि जावईबापूंच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. प्रयोगशाळेत सिमेंटचे तुकडे आंबट पाण्यात ठेवून बघतात, पण फार तर दोन-तीन वर्षं. तेवढ्यावरून हजार वर्षांचं बोलायचं. त्यांच्या हिशेबाला सगळे हाच टोमणा मारायचे. आणि इथे, सासरच्या परसात, पस्तीस वर्षं सोड्यात भिजलेलं सिमेंट फुकट उभं होतं. सहा वर्षं ह्याच घरात राहून ते त्यावर ओले टॉवेल वाळत घालत होते.

"बाबा, मला त्यातला एक तुकडा कापून द्याल? बाटलीएवढा गोल. ड्रिलनं काढतो."

सोडाबुवांचा चेहरा उजळला. प्रवचनाला आता विज्ञानाचा शिक्का मिळणार होता. "एक का, चार घ्या."

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई ताटं पुसत उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. "ओटा कशाला कापायचा? चांगला उभा आहे तो."

"अगं, म्हणूनच कापायचा. जगाला कळू दे."

"जगाला कशाला हव्यात आपल्या घरातल्या गोष्टी?" सासूबाई म्हणाल्या. मग जावयाकडे न बघता पुढे म्हणाल्या, "घ्यायचाच असेल तर दाराजवळच्या कोपऱ्यातून घ्या. पाणी तिकडेही वाहायचं."

"दाराजवळ कशाला?" बुवांनी हात झटकला. "मशीनच्या पायाखालचा घ्या. तिथे धार सरळ पडायची. खरी परीक्षा तिथे."

शास्त्राच्या दृष्टीनं बुवांचं म्हणणं बरोबर होतं. जावईबापूंनी गाडीतलं ऑफिसचं ड्रिल आणलं आणि मशीनचा पाय सरकवून तिथेच लावलं. ड्रिलचा आवाज सुरू असेपर्यंत सासूबाई घरात भांडी आपटत होत्या. भांडी घासून झाली होती, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

तुकडा निघाला. जावईबापूंनी तो उभा चिरला आणि खिशातून फवाऱ्याची बाटली काढली. ह्या द्रवाची गंमत अशी की सिमेंटमध्ये चुना शाबूत असेल तिथे ते गुलाबी होतं, चुना खाल्ला गेला असेल तिथे पांढरंच राहतं. त्यांच्या कॉम्प्युटरनं सांगितलं होतं की पस्तीस वर्षांत वरची दोन बोटं तरी गेली असतील. फवारा मारला, आणि तुकडा वरपासून खालपर्यंत लाजल्यासारखा गुलाबी झाला. वर नखाएवढी पांढरी कड, बस. मधे दोन-चार फिकट रेघा होत्या. ओतताना सिमेंट टप्प्याटप्प्यानं बसलं असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

"काय म्हणतं तुमचं शास्त्र?" बुवांनी विचारलं.

"काही झालेलं नाही ह्याला."

बुवा मागे वळले. शेडच्या दारात जाऊन आकाशाकडे बघत उभे राहिले आणि हळू आवाजात ओळ गुणगुणू लागले. सासूबाई आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जावईबापूंची पंचाईत झाली. हिशेब म्हणतो दोन बोटं, नमुना म्हणतो नखभर. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक म्हणजे नमुन्यावर संशय घेणं. पण नमुना सासऱ्यांचा होता. दुसरा मार्ग म्हणजे हिशेबाच्या पोटात एक आकडा असतो, सिमेंटची छिद्रं किती वेडीवाकडी आहेत याचा. तो कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो, त्यामुळे तो बिचारा कुठेही सरकवला तरी तक्रार करत नाही. जावईबापूंनी तो सरकवला. थोडा सरकवला, मग आणखी थोडा. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरही नखभर म्हणू लागला. सासऱ्यांचं आणि कॉम्प्युटरचं एकमत झालेलं पाहून त्यांना बरं वाटलं.

ते प्रमुख बाईंना सांगायला गेले.

"एका ओळीत," बाई म्हणाल्या.

"आपलं सिमेंट आपण समजत होतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. ही गोष्ट वर्षातून एकदा घडायची. प्रकल्पाची विहीर ह्याच गावाबाहेर होणार होती, गावातले लोक धास्तावले होते, आणि पुढच्याच आठवड्यात टाऊन हॉलमध्ये जाहीर सभा होती. आता गावचाच ओटा, गावचेच बुवा आणि पस्तीस वर्षांचा पुरावा. बाईंनी तिथल्या तिथे दोन निर्णय घेतले. सभेची सुरुवात आणि शेवट सोडाबुवांच्या गाण्यानं करायचा, हा एक. आणि विहीर बंद केल्यावर दर पाच वर्षांनी खाली यंत्र सोडून सिमेंट तपासायचं ठरलं होतं, ते आता रद्द, हा दुसरा. "खातच नाही तर बघायचं काय?"

दुसरा निर्णय ऐकून जावईबापूंनी काही सांगायला तोंड उघडलं. पण बाई आधीच फोनवर बोलायला लागल्या होत्या.

त्या आठवड्यात घरात दोन माणसांची दोन टोकं झाली. बुवा न्हाणीघरात गात होते, फाटकाशी गात होते, बेकरीवाल्याकडे पाव घेताना गात होते. आणि सासूबाईंचा स्वयंपाक बिघडला. एका दिवशी भाजीत मीठ दोनदा, दुसऱ्या दिवशी अजिबात नाही. बुवा गाण्याच्या नादात दोन्ही भाज्या सारख्याच प्रेमानं जेवले.

सभेच्या दिवशी सकाळी जावईबापू जेवणाच्या टेबलावर तो तुकडा पुढ्यात घेऊन बसले होते. पडद्यावर दाखवायला मोबाइलमधून त्याचे फोटो काढत होते. बायको दवाखान्यात निघाली होती. जाताजाता तिनं तुकडा सहज उचलला, उजेडाकडे धरला, आणि सवयीनं त्याच्या कडेवरून नख फिरवलं.

"हे कोणी भरलंय?"

"काय भरलंय?"

"अरे, फिलिंग आहे हे. हा बघ थर, हा दुसरा, हा तिसरा. आधीचं खराब झालं की वरून नवीन भरलेलं. आणि खालचं साफ न करता भरलंय, म्हणून मधे रेघ राहिली. माझ्याकडे आलं असतं तर मी ओरडले असते." तिनं तुकडा उलटापालटा केला. वरच्या गोल पृष्ठभागावर एका कडेला उथळ खोलगट ठसा होता, त्याच्या मधून तिरकी बारीक रेघ गेलेली. बायको खुर्चीवर बसली. "आणि हा अंगठा आईचा आहे."

सासूबाईंच्या उजव्या अंगठ्यावर बाटली फुटून झालेला जुना व्रण होता. तोच अंगठा लग्नात ह्या दोघांच्या कपाळाला लावून त्यांनी आशीर्वाद दिला होता. जावईबापूंनी फवाऱ्याची बाटली बघितली, तुकडा बघितला. ताजा चुना लिंपला तर तोही गुलाबीच होणार की. त्या फिकट रेघांपैकी सगळ्यांत खालची रेघ त्यांनी मोजपट्टी लावून मोजली. वरून बरोबर दोन बोटं खाली. म्हणजे मूळ ओटा तिथपर्यंत खाल्ला गेला होता. त्यांच्या पहिल्या हिशेबानं सांगितलं होतं तेवढाच. आठवडाभरापूर्वी ते अगदी बरोबर होते, आणि मग त्यांनी एक अख्खा दिवस खपून स्वतःला चुकीचं ठरवलं होतं.

सासूबाई मागच्या पायरीवर बटाटे सोलत बसल्या होत्या. जावईबापू शेजारी जाऊन बसले. तुकडा काही न बोलता पायरीवर ठेवला.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि सोलणं चालू ठेवलं. "दाराजवळचा घ्या म्हटलं होतं मी."

"आई, कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. वर्षभरात तो कोपरा असा भुसभुशीत झाला की नखानं उकरला तरी भुकटी निघायची. आणि नेमकं त्याच महिन्यात ह्यांनी ओट्यावर पहिलं प्रवचन केलं. लोक रडले हो. बाहेर पडताना एक म्हातारा माणूस ह्यांचे हात धरून म्हणाला, मला आज झोप लागेल. मी काय सांगणार होते मग, की अहो, तुमचा पाया वाहून चाललाय?" सालीची लांब पट्टी खाली पडली. "हे परगावी गायला गेले की चुना आणायचा, मूठभर सिमेंट घालायचं, मशीनच्या पायाखाली लिंपून टाकायचं. कोण वाकून बघतंय तिथे?"

"आणि तुम्ही कोणालाच..."

"देवाला माहीत होतं. त्यानं कधी चहाडी केली नाही. तुम्ही ड्रिल घेऊन आलात."

जावईबापूंनी खाली बघत सांगितलं की ह्या तुकड्यावरून त्यांनी ऑफिसातला आकडा बदलला आहे, आणि त्या आकड्यावरून विहिरीची तपासणी रद्द झाली आहे.

सासूबाईंचा हात थांबला. "म्हणजे तिथे खाली कोणी बघणारच नाही?"

"नाही."

"आणि लिंपणार कोण?"

"तिथे कोणी जाऊच शकत नाही, आई. दोन किलोमीटर खोल. निदान यंत्र सोडून बघता येतं. बघितलं तर वेळेवर काही करता येतं."

त्यांनी अर्धवट सोललेला बटाटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचं जे खरं असेल ते सांगा. ते सांगायलाच हवं. फक्त माझं नाव नको. आणि ह्यांच्या गाण्याला धक्का नको. ह्यांच्याकडे हे एकच प्रवचन आहे."

"बाकीचीही आहेत ना?"

"आहेत. पण ती गायला लागले की लोक चपला शोधतात."

जावईबापू तडक ऑफिसात गेले. प्रमुख बाई टाऊन हॉलकडे निघायच्या घाईत होत्या. "एका ओळीत."

"माझा आकडा चुकला."

"ओळ छान आखूड आहे," बाई म्हणाल्या, "पण मला आवडली नाही." मग सगळं ऐकून त्यांनी बराच वेळ कपाळ चोळलं. वाईट नव्हत्या त्या, घाईत असायच्या इतकंच. "लोक जमलेत. कार्यक्रम छापलाय. आता हे तुम्हीच स्टेजवरून सांगा. मी सांगितलं तर माझी चूक होईल."

हॉल भरला होता. बेकरीवाला, न्हावी, शाळेतल्या बाई, सगळे. सासूबाई आणि बायको तिसऱ्या रांगेत. बुवांनी टेबलावर ताल धरला आणि जे गायले, ते आजवरचं सगळ्यांत चांगलं गायले. ओट्याची धार त्यांनी आवाजात वाहवली, फसफस गळ्यात दाखवली, आणि शेवटी "पाया ज्याचा पक्का" म्हणून थांबले तेव्हा हॉलनं उरलेली ओळ छपरापर्यंत नेली. विहिरीची भीती घेऊन आलेले लोक विहीर विसरून गेले. आता ह्यानंतर उभं राहायचं, म्हणजे लग्नाच्या पंगतीत उठून नवरदेवाचा आजार सांगण्यासारखं होतं.

जावईबापू उभे राहिले. पडद्यावर तुकड्याचा फोटो आला, आडव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी सांगितलं की हा नमुना वाचताना आपण चुकलो. ओट्याला वेळोवेळी डागडुजी होत आली आहे. तो वाचला तो त्यामुळे. सिमेंट आंबट पाण्यात दोन बोटं खाल्लं गेलं, आपल्या पहिल्या हिशेबाप्रमाणे. "खाली विहिरीत लिंपायला कोणी नसेल. म्हणून निदान कोणीतरी बघत राहिलं पाहिजे. तपासणी रद्द व्हावी असं मी म्हणालो नव्हतो, पण माझ्या आकड्यामुळे ती रद्द झाली. तो आकडा मी मागे घेतो."

मग बेकरीवाल्यानं विचारलं, "ते ठीक आहे हो. पण बुवांचा ओटा भरला कोणी?"

"नमुन्यावरून तसं सांगता येत नाही," जावईबापू म्हणाले, आणि पुढच्या फोटोवर जाण्यासाठी बटण दाबलं.

सकाळी त्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो काढले होते. दुसरा वगळायचा राहून गेला होता. पडद्यावर दाराएवढा अंगठा उमटला, मधून तिरका व्रण. ह्या गावात गेली पस्तीस वर्षं ज्यानं म्हणून सोडा प्यायला होता त्यानं बाटली ह्याच हातातून घेतली होती. तिसऱ्या रांगेत सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्याचा काही उपयोग नव्हता.

जावईबापूंनी बटण शोधलं तर ते सापडेना.

प्रमुख बाई मात्र वाऱ्याची दिशा ओळखणाऱ्या होत्या. त्या चटकन माइकपाशी आल्या. "एका ओळीत सांगते. दर पाच वर्षांनी तपासणी होणार, आणि तिचा निकाल ह्याच हॉलमध्ये वाचला जाणार." कोणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी वाजवली. आपली चूक स्वतः उठून सांगणारा माणूस त्या गावानं ऑफिसाकडून पहिल्यांदाच पाहिला होता. "आता समारोपाचं गाणं," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ते कोण गाणार आहे.

सोडाबुवा उठले. चालत टेबलापर्यंत आले. ताल धरला. "पाया ज्याचा..." एवढं गायले आणि आवाज तिथेच थांबला. बोटं टेबलावर वाजत राहिली, मग तीही थांबली. अंगठा पडद्यावर तसाच होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं शेजारी असलेली वस्तू माणूस पहिल्यांदा मोठी करून बघतो, तसे. मग माइकमध्येच म्हणाले, "अगं, चुना कुठून आणायचीस?"

तिसऱ्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या, "घरी बोलू."

हॉल असा हसला की समारोप आपोआप झाला.

घरी मात्र बोलणं लगेच झालं नाही. बुवा थेट शेडमध्ये गेले. ड्रिलनं पडलेल्या भोकापुढे उकिडवे बसले. जावईबापू आणि बायको दाराशी उभे. सासूबाई चहा घेऊन आल्या, कप ओट्यावर ठेवला.

"पस्तीस वर्षं मी लोकांना खोटं सांगितलं," बुवा म्हणाले.

"खोटं कुठे? ओटा उभा होता ना?"

"तू उभा ठेवला होतास."

"मग काय झालं? उभा होता."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही वाकून बघायचं होतंत," सासूबाई म्हणाल्या. रागानं नाही, पण त्यांच्या आवाजात इतक्या वर्षांचं वाकणं होतं.

बुवांनी चहा घेतला. कप रिकामा झाला तरी हातात धरून बसले. मग बाही वर सारली आणि म्हणाले, "कसं कालवायचं ते दाखव."

"बाबा, आई, एक मिनिट," जावईबापू पुढे झाले. "ते भोक आत्ता बुजवू नका. मला त्याच्याच शेजारचा आणखी एक तुकडा हवा आहे. आता खरी गोष्ट माहीत आहे, त्यामुळे थर मोजता येतील, हिशेब पक्का करता येईल..."

कोणी ऐकलं नाही. सासूबाईंनी कोपऱ्यातल्या डब्यातून चुना काढला. तो डबा इतकी वर्षं तिथेच होता आणि त्यावर "सोडा" असं लिहिलेलं होतं. बुवांनी पाणी जास्त ओतलं. सासूबाई म्हणाल्या, "खीर नाही करायची." बुवांनी परत सिमेंट टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "आता लाडू झाला." शेवटी दोघांच्या हातांनी मिळून एक गोळा तयार झाला आणि भोकात गेला. बुवांनी तळव्यानं सपाट करायला घेतलं.

"तळवा नाही. अंगठा. कडेनं दाबत यायचं, नाहीतर पाणी कडेनं शिरतं."

"हेच तर," जावईबापू न राहवून म्हणाले, "कडेनंच शिरतं. विहिरीतही कडेनंच शिरतं."

"मग तिथेही कडेनं दाबायला सांगा," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी सभागृह नेहमीपेक्षा भरलं. बुवा आता काय गाणार, हे बघायला जे एरवी येत नसत तेही आले. बुवांनी दयेपासून सुरुवात केली, क्षमेवर आले, आणि मग ओट्यावर आले. म्हणाले, पाया कोणाचाही पक्का नसतो, माझाही नव्हता. पाया पक्का ठेवावा लागतो, आणि ठेवणारा हात बहुधा दिसत नाही. देवाचाही दिसत नाही. टेबलावर थाप पडली. ओळ तीच होती, फक्त मधे एक शब्द बदलला होता:

"बाहेर सारी फसफस, आत तू शांत रे,
पाया ज्याचा राखला, त्याला कशाची भ्रांत रे."

मागच्या बाकावरचा माणूस सावरून बसला. मग बुवांनी पुढे सांगितलं की अलीकडे आम्ही दोघं मिळून डागडुजी करतो. "अलीकडे" म्हणजे गेला आठवडा, हे त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या रांगेत सासूबाईंनी डोळे मिटले. हसू लपवायला की प्रार्थनेसाठी, ते देवालाच ठाऊक.

त्या दुपारी जावईबापू ड्रिल घेऊन शेडमध्ये आले. मशीनच्या पायाखालचा कोपरा गुळगुळीत, पांढरा, ताजा. त्यावर शेजारी-शेजारी दोन अंगठे उमटलेले, एकावर व्रण, एक बिनव्रणाचा आणि जरा वाकडा. नमुना म्हणून त्याचा आता काडीचाही उपयोग नव्हता. रोज लिंपतात रे हे दोघं, बायकोनं सांगितलं होतं. बाबांना नाद लागलाय.

"आता मी कुठून घेऊ?" त्यांनी हताश होऊन विचारलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हनुवटीनं ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडे खूण केली. दाराजवळचा कोपरा. तिथे कोणी कधी मशीन ठेवलं नव्हतं, तिथून कोणाला काही दाखवायचं नव्हतं, म्हणून तिथे कोणी काही लिंपलंही नव्हतं.

जावईबापूंनी वाकून बघितलं. पस्तीस वर्षं वाहून गेलेल्या पाण्यानं तो कोपरा खडबडीत, भोकाभोकाचा केला होता. त्यांनी त्याच्यावर अंगठा ठेवला. कोपरा जवळजवळ दोन बोटं खोल गेला होता.